लांडग्याचा वाटा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही. आबांपाशी, म्हणजे माझ्या वडिलांपाशी, तर नाहीच — कारण या सगळ्यात ते आहेत, आणि त्यांना न विचारता मी त्यांना यात ओढलं. दोन-तीनदा एका जुन्या मित्रासमोर तोंड उघडलं होतं, पण ऐन वेळी विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

बारामतीतल्या एका कॉलेजात मी पर्यावरण शिकवतो. कुठं भाषणाला बोलावलं की माझी ओळख ठरलेली असते — मेंढपाळाचा मुलगा, परदेशात शिकून आलेला, आपल्या माणसांचं शहाणपण जगापुढे मांडणारा. ओळख चालू असताना मी मान खाली घालून बसतो. लोकांना तो विनय वाटतो.

सुरुवात कुठून करू? लांडग्यापासून केली तर तुम्हाला वाटेल मी गोष्ट सांगतोय. गावापासूनच करतो.

आमचं गाव कऱ्हाटी. माझ्या लहानपणी घरी दीडेकशे मेंढरं होती. सुगी आटोपली की वाडा निघायचा इंदापूरच्या माळाकडं — मेंढरं, घोड्यावर लादलेला संसार, बायकापोरं आणि कुत्री. वाड्यावर एक रीत होती. तव्यावरची पहिली भाकरी कुत्र्यांची. आई ती मोडून कुत्र्यांपुढं टाकायची, मग आम्ही जेवायचो. एकदा भूक अनावर होऊन मी ती पहिली भाकरी ओढली, तर आबांनी मुस्काटात दिली. "त्येंच्या जिवावर झोपतूस तू," एवढंच म्हणाले. कुत्र्याला दावं लावलेलं मी आमच्या वाड्यावर कधी पाहिलं नाही. दावं लावलेलं कुत्रं मेंढराच्या काय कामाचं?

आणि लांडगा? लांडग्याला आमच्यात कुणी ओवाळत नव्हतं. बीळ सापडलं की तोंडाशी बाभळीच्या फांद्या रचायच्या, वर वाळक्या मिरच्या टाकायच्या, धूर आत गेला की दगड लावायचे. पिल्लं आतच. असा धूर मी स्वतः दिलाय, चौदाव्या वर्षी. वाईट वाटलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

पुण्याला शिकायला गेलो, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एका विद्यापीठात गवताळ माळांचा अभ्यास करायला दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. आबांना ते काही केल्या पटेना. "गवात मोजाया इमानानं कुनी जातं व्हय?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. मी खरंच तेच करायला निघालो होतो — जमिनीवर लोखंडी चौकट टाकायची आणि आतल्या काड्या मोजायच्या.

विद्यापीठानं माझी राहायची सोय एका डोंगरी गावात, एका मेंढपाळाच्या घरी केली. हुलियान त्यांचं नाव, साठीला टेकलेले. बायको कार्मेन. मुलगी माद्रिदला नोकरीला, तिची खोली मला मिळाली. घरात स्पॅनिशखेरीज एक शब्द चालत नव्हता. कार्मेन भांडी घासता घासता अखंड बोलायची, आणि माझं काही चुकलं की ओल्या हातानं खांद्यावर चापटी मारायची. त्या चापट्यांनी सहा महिन्यांत मला भाषा आली.

हुलियानकडं नव्वद मेंढ्या आणि वासराएवढी दोन कुत्री. खोलीचं भाडं मिळतं म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं होतं; एरवी विद्यापीठाच्या माणसांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. लांडग्यांना विष घालू नका म्हणून सांगायला कुणी आलं की ते दारातूनच वाटेला लावायचे. माझ्यावर मात्र त्यांचा विश्वास बसला, आणि तो का बसला हे सांगायलाच हवं. पहिल्याच आठवड्यात एक मेंढी लंगडत होती. मी तिचा मागचा पाय धरला, तिला ढुंगणावर बसवलं आणि सुरीनं खूर साफ केला. आबांनी शिकवलं तसा. हुलियान नुसते बघत होते. दुपारी जेवताना कार्मेनला म्हणाले, "हा आपल्यातला आहे." तेव्हापासून माझ्या ताटात मांसाचा मोठा तुकडा पडायला लागला.

पुढं जे सांगायचं आहे ते इथं येऊन अडतं, दर वेळी. मी मनातल्या मनात कितीदा सांगून पाहिलंय.

दुसऱ्या वर्षीच्या एका रविवारची गोष्ट. कार्मेनचा भाऊ आणि शेजारचे दोघं जेवायला आले होते. बोलणं लांडग्यांवर गेलं. त्या आठवड्यात कुणाच्या तरी चार मेंढ्या गेल्या होत्या, भाऊ विष घालायचं म्हणत होता. मी कोपऱ्यात पाव मोडत बसलेलो. मग हुलियान माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "याला विचारा. याचे वडील मेंढपाळ, आजा मेंढपाळ. तुमच्याकडं लांडग्याचं काय करता रे?"

सगळं टेबल माझ्याकडं वळलं. त्या घरी आलेली माणसं दीड वर्षात पहिल्यांदा माझं ऐकायला थांबली होती. काय सांगणार होतो मी? मिरच्यांचा धूर? मला वाटलं, हे म्हणतील, हा रानटी. त्यांच्यातला एक स्वतः विष घालायला निघालाय हे डोळ्यांसमोर असूनही मला तसं वाटलं — लाजेला कुठं डोकं असतं? शिवाय मी पर्यावरण शिकत होतो. माझ्या माणसांनी पिल्लं कोंडून मारावीत हे मला शोभणारं नव्हतं.

म्हणून मी एक रीत रचली. जागच्या जागी. म्हणालो, आमच्याकडं लांडग्याचा वाटा काढतात. हंगामात काही वेळा एक अशक्त कोकरू, कपाळाला हळदकुंकू लावून, मावळतीच्या बाजूला नेऊन ठेवायचं. लांडगा आपला वाटा घेतो आणि कळपाला शिवत नाही. वाडवडलांपासून असंच चालत आलंय.

बोलताना मलाच ते सुंदर वाटत होतं. कार्मेनचा भाऊसुद्धा चमचा खाली ठेवून ऐकत होता. हुलियान मात्र धंद्याचा माणूस. त्यांनी विचारलं, "आणि कुत्री? कुत्री त्याला जवळ येऊ देतील?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इथं थांबता आलं असतं, हसून म्हणता आलं असतं की अहो, थट्टा केली. एवढे डोळे माझ्यावर असताना मी म्हणालो — त्या दिवशी आम्ही कुत्री बांधतो. पाहुण्यावर भुंकू नये म्हणून.

हे वाक्य मी बोललो. पहिली भाकरी कुत्र्याला घालणाऱ्या आईचा मुलगा.

इतकंच झालं असतं तर ती थाप म्हणून विरून गेली असती. पण हुलियाननी विष आणलं नाही. पुढल्या आठवड्यात त्यांनी एक किरटं कोकरू निवडलं. हळदकुंकू कुठून आणणार, म्हणून कार्मेनकडून लाल मिरचीची पूड घेऊन त्याच्या कपाळाला लावली, आणि माझ्याकडं बघितलं — बरोबर आहे ना? मी मान डोलावली. कुत्री त्यांनी घरामागच्या गोठ्यात साखळीला बांधली.

कोकरू गेलं. कळपाला धक्का लागला नाही.

दुसऱ्यांदा केलं, तेव्हाही तसंच. हुलियाननी मला मिठी मारली. आणि मी? मी वही काढली. पावलांचे ठसे मोजले, अंतरं मोजली. माझ्या प्राध्यापकांना सांगितलं, तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले. याच्यावर स्वतंत्र प्रकरण लिही म्हणाले. आता लांडग्याला आयतं खायला मिळालं की तो त्याच वाटेनं परत येतो, एकटा येत नाही, एवढं मला ठाऊक नव्हतं का? होतं. पुस्तकातूनही आणि माळावरूनही. पण प्रकरण चांगलं होत होतं. मी त्यांना एकदाही थांबवलं नाही.

चौथ्या खेपेला सकाळी धुकं होतं. हुलियान मेंढ्यांच्या वाड्याकडं गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत, म्हणून मी गेलो. एकतीस मेंढ्या. खाल्लेल्या दोन-तीनच, बाकीच्या नुसत्या फाडलेल्या. काही जिवंत होत्या. हुलियान एकेकीपाशी गुडघे टेकून बसत होते, हातानं तिचे डोळे झाकत होते आणि सुरी फिरवत होते. मोठ्या कुत्र्यानं साखळी इतकी ओढली होती की त्याची मान कापली गेली होती. ते दुसऱ्या दिवशी मेलं.

दुपारी हुलियान स्वयंपाकघरात येऊन बसले. हात धुतले नव्हते. कार्मेन माझ्याकडं बघत होती. ते म्हणाले, "माझंच कुठंतरी चुकलं."

मनात वाक्य तयार होतं, क्रियापदासकट तयार होतं. समोरच्या वाटीतली मसुराची आमटी मी संपवली.

महिन्याभरात मी परतलो. प्रबंधात त्या प्रकरणात पहिल्या तीन खेपा आहेत. चौथी नाही. प्रबंधाला शाबासकी मिळाली, त्याच्या जोरावर बारामतीत नोकरी मिळाली. त्या प्रकरणात एक ओळ आहे: माहिती देणारे — लेखकाचे वडील.

तुम्ही म्हणाल, तरुण होता, घाबरला. थांबा. ते तर पुढच्याच्या मानानं काहीच नाही.

तीन-चार वर्षं गेली आणि हुलियानचं पत्र आलं. उरलेल्या मेंढ्या विकून टाकल्या होत्या. आता वेळच वेळ आहे, मुलीनं तिकीट काढून दिलंय, कार्मेनचे गुडघे चालत नाहीत म्हणून एकटाच येतोय. तुझ्या वडिलांना भेटायचंय. मी दोन पत्रं पाठवली — उन्हाळा फार आहे, आबांना बरं नसतं. ते हिवाळ्यात आले.

तेव्हा आबांकडं चाळीसच मेंढरं उरली होती. लासुर्ण्याला माझ्या बहिणीच्या शेतातला ऊस तुटून गेला होता, खतासाठी तिथं मेंढरं बसवली होती. मी हुलियानना घेऊन तिथं गेलो. दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, आणि पहिल्या अर्ध्या तासात त्यांना माझी गरजच पडली नाही. हुलियाननी एका मेंढीचं तोंड उघडून दात बघितले, बोटांनी वय सांगितलं. आबा खूश. "मानूस कामाचा हाय," मला म्हणाले. "ह्यो मास्तर न्हाय तुज्यासारका."

मग बांधावर बसलो. मी मधे. आईनं चहा दिला. हुलियाननी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि मला कळलं की हे त्यासाठीच समुद्र ओलांडून आलेत.

ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना विचार. मी कोकरू अशक्तच निवडलं होतं. मावळतीकडंच ठेवलं होतं. कुत्री बांधली होती. मग माझं काय चुकलं?"

आबा माझ्याकडं बघत होते. मी आबांना सांगितलं, "मेंढरं किती राखली जल्मात, इचारत्यात."

आबा हसले. कधीकाळी दीडशे होती, कऱ्हाटीत आमच्याएवढी कुणाची नव्हती, मग माळ कमी झाला, असं बरंच सांगत राहिले. मी ऐकलं, आणि हुलियानकडं वळून म्हणालो, ते म्हणतात, तशी वेळ त्यांच्यावरही एकदा आली होती.

हुलियाननी शेताकडं हात केला. "कुत्री सुटीच आहेत."

"आज तो दिवस नाही," मी म्हणालो.

मग त्यांनी मला सोडून सरळ आबांनाच विचारायचं ठरवलं. कुत्र्याकडं बोट दाखवलं, स्वतःच्या गळ्याभोवती हात फिरवला, गाठ मारल्याची खूण केली. आबांच्या कपाळाला आठी पडली. "काय म्हनत्यात? कुत्री बांदता का म्हनत्यात व्हय?"

बघा, आबांनी ते शब्द स्वतः उच्चारले होते. मला फक्त व्हय म्हणायचं होतं. एक शब्द. पुढचं सगळं त्या दोघांनी आपसात केलं असतं, खुणांनीच केलं असतं.

"न्हाय आबा," मी म्हणालो. "चावत्यात का, इचारत्यात."

"छ्या. वळखीच्या मानसाला न्हाय चावत."

हुलियान उत्तराची वाट बघत होते. आबांचा चेहरा हसरा होता, त्यामुळं उत्तर कठोर असून चालणार नव्हतं — एवढाही विचार मी केला. म्हणालो, आबा म्हणतात, कुत्री तुम्ही फार जवळ बांधलीत. घरामागं. लांडग्याला वास गेला. एकीकडं वाटा द्यायचा आणि कुत्री जवळ ठेवायची, यानं तो बिथरला. लांब बांधायची असतात, ओढ्यापलीकडं.

हुलियान खाली ढेकळांकडं बघत राहिले. मग दोनदा मान हलवली. "म्हणजे चूक माझीच," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? बरं वाटलं होतं त्यांना. चार वर्षं ज्याला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं होतं. त्यांना बरं वाटलेलं बघून मलाही बरं वाटलं. मी असा माणूस आहे.

ते पुढं म्हणाले, "कार्मेन म्हणते पोरानं थाप मारली. मी तिला सांगितलं, मेंढीचा खूर तसा धरणारा पोरगा मेंढ्यांबाबत खोटं बोलणार नाही. हे तुझ्या वडिलांना सांग."

मी आबांना म्हणालो, "म्हनत्यात, पोरगा गुनाचा हाय तुमचा."

आबांनी पटका सारखा केला. ते माझं कौतुक माझ्यासमोर कधी करत नाहीत, पण पाहुण्यासमोर त्यांना राहवलं नाही. "सांग त्येस्नी," म्हणाले. "आमच्या पोरानं तुमच्या घरचं मीठ खाल्लंय. त्याच्या हातनं तुमचं वंगाळ कदी व्हनार न्हाय."

त्या दिवशी एवढं एकच वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं.

हुलियान उठले आणि त्यांनी आबांना मिठी मारली. आबांना असली सवय नाही. ते ताठ उभे राहिले, मग पाहुण्याच्या पाठीवर थापटायला लागले, मेंढराला थापटतात तसं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी कपबशा गोळा केल्या.

हुलियान आठवडाभर राहून गेले. जाताना आबांनी त्यांना नवी घोंगडी दिली. वर्षाच्या आतच कार्मेनचं पत्र आलं. हुलियान थंडीत छातीच्या दुखण्यानं गेले.

कार्मेनचं अक्षर मोठं, शाळकरी पोरीसारखं. तिनं लिहिलं होतं की तुझ्या गावाहून आल्यापासून ते भेटेल त्याला आपली चूक सांगायचे. कुत्री जवळ बांधली म्हणायचे. शेवटच्या दिवसांत मेंढ्यांबद्दल माझी माफी मागायचे, रोज, मी पुरे म्हटलं तरी मागायचे. आणि खाली लिहिलं होतं — आता ते नाहीत, म्हणजे खरं सांगितलं तरी कुणाचं मन मोडणार नाही. मला एवढंच लिही, तुमच्याकडं खरंच कुत्री बांधतात का? नसतील बांधत तर तसं लिही. मी रागावणार नाही. मला फक्त त्यांच्या कबरीपाशी जाऊन सांगायचंय, की चूक तुमची नव्हती.

आता समोर ना टेबल होतं, ना आबा. घाई नव्हती. विचारणारी रागावणार नव्हती, आणि कबरीतल्या माणसाखेरीज ते कुणाला सांगणारही नव्हती. फक्त त्या महिन्यात प्रबंधावरून केलेलं माझं पुस्तक छापायला गेलं होतं, आणि ते प्रकरण त्यात पहिलं होतं.

तीन दिवस पत्र माझ्या टेबलावर पडून होतं. चौथ्या दिवशी उत्तर लिहिलं. आधी दुःखाचे चार शब्द, अगदी शुद्ध स्पॅनिशमध्ये, एकही चूक नाही. मग लिहिलं — हो, बांधतात. लांब, ओढ्यापलीकडं.

पाकीट मी स्वतः पोस्टात टाकलं आणि तिथून सरळ कॉलेजात गेलो. अकराचा तास होता.